दहा फुटांचा पाइप आणि सतरा वेढे : ऐकणाऱ्यांच्या एरियलची गोष्ट

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक आहे. आजचा विषय ऐकण्याचाच आहे, तेव्हा ही चौकशी आधी केलेली बरी.

इथे टेबलावर एक वस्तू ठेवली आहे. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, आणि त्यावर शेजारी शेजारी घट्ट बसवलेले तांब्याच्या तारेचे अठ्ठावीस वेढे. मगाशी एका मुलाने विचारलं, काका, हे मोटारीतलं आहे का? तर तार मोटारीचीच आहे. शेलार काय, भिवंडी काय, इथे मागाच्या मोटारी जळतच असतात. त्यामुळे मोटार वाइंडिंगच्या दुकानात एनॅमल चढवलेली एक मिलिमीटरची तार वजनावर मिळते. मुंबईच्या मुलांना जी तार लॅमिंग्टन रोडला जाऊन आणावी लागायची, ती आम्हाला गल्लीच्या तोंडाशी मिळायची. ही वस्तू म्हणजे एरियलची कॉइल. दहा फुटांचा एक उभा पाइप आणि त्याच्या पायाशी ही कॉइल, एवढ्यावर आम्ही शॉर्टवेव्ह ऐकली.

रेडिओचा इतिहास आपल्याकडे नेहमी बोलणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. कुठलं केंद्र कधी सुरू झालं, निवेदक कोण, कार्यक्रम कोणता. फार तर घरातल्या सेटची आठवण निघते. मर्फीच्या जाहिरातीतलं गालावर बोट ठेवलेलं बाळ सगळ्यांना आठवतं. मर्फीचा कारखाना तर आपल्या ठाण्यातच होता. सेट लोकांनी जपले, संग्रहालयात ठेवले, शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवले. एरियल मात्र कोणी जपलं नाही. घराला रंग काढताना तार खाली आली आणि भंगारात गेली. माझं म्हणणं असं, की ऐकणारा माणूस किती धडपडत होता, त्याला काय ऐकू द्यायचं नव्हतं आणि तरी त्याने ते कसं ऐकलं, हे सेटवरून कळत नाही. ते त्या तारेवरून कळतं.

आता थोडं मागे जाऊ, १९२७ सालात. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर दीड महिन्याने, ६ सप्टेंबरला, पुण्याजवळ खडकी आणि दौंड इथून शॉर्टवेव्हची बीम वायरलेस सेवा इंग्लंडशी जोडली गेली. खडकीहून पाठवायचं आणि दौंडला घ्यायचं. पलीकडे ग्रिम्स्बी आणि स्केग्नेस. हे तारांचं, म्हणजे टेलिग्रामचं दळणवळण होतं, गाणीबिणी नाहीत. पण शॉर्टवेव्ह महाराष्ट्रात आली ती अशी, सरकारी आणि व्यापारी निरोप घेऊन.

या बीम केंद्रांची एरियल मार्कोनी कंपनीच्या चार्ल्स फ्रँकलिन या इंजिनियरच्या कल्पनेतून आलेली. उंच मनोऱ्यांवरून उभ्या तारांचे पडदे सोडलेले असत. त्यात एक मेख होती. उभी तार अर्ध्या लहरीपेक्षा लांब झाली की पुढच्या अर्ध्या भागातला प्रवाह उलटा वाहतो आणि खालच्या भागाचं काम खोडून काढतो. फ्रँकलिनने काय केलं, तो उलटा भाग तारेतच कॉइलमध्ये गुंडाळून किंवा तार दुमडून गप्प बसवला. म्हणजे उभ्या तारेच्या मध्ये कॉइल घालायची युक्ती साम्राज्याच्या सर्वांत खर्चिक एरियलमध्ये होती. आमच्या कॉइलचं काम वेगळं, तरी घराणं एकच म्हणायचं. आम्ही गरीब शाखेतले, एवढंच.

घराण्याचा मूळपुरुषही सांगून टाकतो. ऑलिव्हर हेविसाइड. फारसं शिक्षण नाही, ऐकायला कमी येई, माणसांत मिसळणं नाही. टेलिफोनच्या लांब तारेत ठिकठिकाणी इंडक्टन्स वाढवला तर आवाज बिघडणार नाही, हे त्याने १८८० च्या दशकात गणिताने दाखवलं. तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. पुढे १९०२ साली त्यानेच सुचवलं, की वातावरणात वर विजेला वाहून नेणारा थर असावा आणि रेडिओलहरी त्याच्या आधाराने पृथ्वीच्या गोलाईभोवती जात असाव्यात. अमेरिकेत केनेलीनेही त्याच साली तेच म्हटलं. शॉर्टवेव्ह आपल्यापर्यंत येते ती या थरांवरून परतून. तेव्हा लहर येते त्या थराशी आणि तारेत घालतात त्या कॉइलशी, दोन्हीकडे एकाच बहिऱ्या माणसाचं नाव. मला याची फार गंमत वाटते.

आता कॉइल करते काय, ते सांगतो. दहा मिनिटांत होईल. कंटाळा आला तर समोर भिंतीवर घड्याळ आहे. (हशा)

लहरीची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. जुन्या सेटच्या काचेवर ४१, ३१, २५, १९ असे आकडे असायचे, ते हेच मीटर. जमिनीवर उभं एरियल लावायचं तर लहरीच्या पाव लांबीचं लावावं, मग ते त्या लहरीला नीट साथ देतं. ४२ मीटरच्या आसपास ऐकायचं तर पाव लांबी साधारण साडेदहा मीटर, म्हणजे जवळपास पस्तीस फूट. तीन मजली इमारतीएवढा खांब झाला! तो कोण उभा करणार? आपल्याकडे जागा दहा फुटांची. एवढं आखूड एरियल कपॅसिटरसारखं वागतं. त्यात आलेला प्रवाह सेटपर्यंत पोचायला नाखूश असतो. कॉइलचा स्वभाव कपॅसिटरच्या बरोबर उलटा. दोघांची सांगड अशी घालायची की एकाने दुसऱ्याला खोडावं. मग आखूड पाइपही त्या एका लहरीपुरता पूर्ण वाढल्यासारखा वागतो.

इथे एक गैरसमज आहे, आणि तो मी स्वतः बरीच वर्षं बाळगला. लोकांना वाटतं, जेवढी लांबी कमी पडते तेवढी तार गुंडाळून ठेवली की झालं. तसं नाही. दहा फुटांचा, म्हणजे तीन मीटरचा पाइप असेल तर साडेसात मीटर लांबी कमी पडते. पण या पन्नास मिलिमीटरच्या नळीवर ४२ मीटरसाठी साधारण सतराच वेढे लागतात, आणि सतरा वेढ्यांची तार पावणेतीन मीटरही भरत नाही. वेढे एकमेकांशेजारी आले की त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकत्र येतं. हिशेब त्याचा असतो, तारेच्या फुटांचा नाही.

ही कॉइल बघा. ठरावीक वेढ्यांवर एनॅमल खरवडून तारेचे छोटे कान काढले आहेत, क्लिप लावायला. अकराव्या वेढ्याला ३१ मीटर, आठव्याला २५ मीटर. आणि सगळे अठ्ठावीस घेतले की ४८४० किलोहर्ट्झ, जिथे आकाशवाणी मुंबई शॉर्टवेव्हवर यायची. आकडे अंदाजाचे धरा. पाइप जाड-बारीक असला, शेजारी पत्रा असला, की एखाद-दुसरा वेढा इकडेतिकडे होतो. शेवटी कानानेच ठरवायचं. कॉइल पायाशी न लावता पाइपच्या मध्यावर लावली तर एरियल जास्त चांगलं चालतं, पण वेढे वाढवावे लागतात आणि क्लिप बदलायला दर वेळी शिडी लावावी लागते. आम्ही पायाशीच लावली. आईचा शिडीला विरोध होता.

हे सगळं सांगितलं ते १९४२ कडे येण्यासाठी.

'भारत छोडो'नंतर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. युद्ध सुरू होताना, १९३९ सालीच, हौशी रेडिओवाल्यांना आपली प्रक्षेपण यंत्रं पोलिसांकडे जमा करायचे हुकूम निघाले होते. अशा वेळी ऑगस्टच्या अखेरीला मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. सोबत बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांची मदत. यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर यांची. मार्गदर्शनाला राममनोहर लोहिया. केंद्र लागायचं ४२.३४ मीटरवर. भागून पाहा, ७.०८ मेगाहर्ट्झच्या जरा वर येतं. मघाचे सतरा वेढे मी याच आकड्यासाठी काढले होते.

हे केंद्र सतत घर बदलत होतं. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगावातली पारेखवाडी. जागा बदलल्याच्या गोष्टी सगळे सांगतात. सामान उचलून नेलं, भाड्याने खोली घेतली वगैरे. पण जरा विचार करा. मीटर तोच ठेवून घर बदलायचं, म्हणजे दर वेळी नव्या छपराखाली एरियल नव्याने उभं करायचं आणि पुन्हा जुळवायचं. आणि तेही शेजाऱ्यांना दिसणार नाही असं. पोलिसांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या रस्त्यात फिरत असताना. पेटी लपवता येते. एरियल लपवणं अवघड, कारण ते उघड्यावर असलं तरच उपयोगी. त्यांनी कोणत्या जागी नेमकी कशी तार लावली यावर मी आज बोलणार नाही. पण या गोष्टीतली खरी जोखीम मला तिथे दिसते. १२ नोव्हेंबर १९४२ ला पारेखवाडीत पोलीस आले तेव्हा प्रक्षेपण चालू होतं. खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार वर्षं, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशी शिक्षा झाली. उषाताई येरवड्याहून सुटल्या त्या १९४६ मध्ये.

आणि ऐकणारे? त्याच वर्षी बीबीसीने लंडनहून मराठी सेवा सुरू केली होती. मधला थोडा खंड सोडला तर ती १९५८ पर्यंत चालली. दुसरीकडून आझाद हिंद रेडिओवर मराठीतही बातम्या येत. म्हणजे १९४२ च्या एका संध्याकाळी, मराठी घरातल्या चांगल्या सेटवर, बोटभर सुई इकडून तिकडे नेली की सरकार, सरकारचा शत्रू आणि सरकारविरुद्ध उठलेले आपले लोक, तिघंही हजर. मात्र असे सेट होते किती? १९४७ साली सगळ्या देशात सुमारे पावणेतीन लाख. चाळीत एकाकडे असायचा, बाकीचे दारात उभे.

माझे मामा गिरगावातल्या चाळीत राहायचे. दोन खोल्या आणि बाहेर सामाईक गॅलरी. त्यांच्या सेटला तांब्याच्या विणलेल्या जाळीची पट्टी होती, तीनेक बोटं रुंद, छताखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली. पुष्कळांच्या घरात असायची ती. इथल्या ज्येष्ठांच्या माना हलतायत. सेटच्या मागे दोन भोकं, ए आणि ई. ए म्हणजे एरियल, ई म्हणजे अर्थ. अर्थची तार मोरीतल्या नळाला. आणि दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स. माझ्या आठवणीत पंधरा रुपये, पुस्तकात तिकिटं चिकटवून. ऐकायला परवाना लागतो हे आजच्या मुलांना खोटं वाटतं. १९८५ मध्ये तो गेला.

त्या जाळीवर मामा काय ऐकायचे? सिलोन. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपले पुण्याचे गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कैवारी, आणि सिनेसंगीत त्यांना मुळीच चालायचं नाही. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून कोलंबोला गेले. रेडिओ सिलोनकडे युद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला दणकट शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होताच. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, बुधवारी रात्री आठला. कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला, आणि तिथून आवाज दीड हजार किलोमीटर आकाशातून परत मुंबईत! केसकरांनी अभिजात संगीतासाठी केलेलं काम मोठं आहे, मी ते नाकारत नाही. पण शॉर्टवेव्हचं एरियल घरोघर न्यायचं श्रेय कोणाला द्यायचं झालं तर मी त्यांनाच देईन. (हशा) विविध भारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरात, पाच वर्षांनी. तोवर तारा लागल्या होत्या.

आता शेलारला येतो. आमचं घर कौलारू, भिंतीला लागून मागाची शेड. वडिलांनी जुना व्हॉल्व्हचा सेट मामांकडून आणला. छताखाली जाळी लावली, तर सिलोनच्या जागी नुसती खरखर. मागाच्या मोटारींच्या, स्विचच्या ठिणग्या सगळ्या त्या जाळीत गोळा व्हायच्या. शुक्रवारी माग बंद, त्या दिवशी जरा बरं यायचं. आम्ही गमतीने म्हणायचो, आमचा रेडिओ शुक्रवारचा आहे.

मग जून १९७५. मी आठवीत होतो. आणीबाणी म्हणजे काय हे कळत नव्हतं. घरात बोलणं हळू झालं, एवढं कळलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आकाशवाणीवर एकच सूर. बीबीसीचे मार्क टली यांना देश सोडावा लागला, तरी बीबीसीचं हिंदी लंडनहून येतच राहिलं. वडिलांना ते ऐकायचं होतं आणि आमचा रेडिओ शुक्रवारचा.

मामांनी आखूड एरियलची आणि कॉइलची कल्पना सांगितली. आडवी लांब तार बांधायला दोन्हीकडे मागवाल्यांची छपरं, ते कशाला परवानगी देतील? म्हणून उभा पाइप, शेडपासून लांब, विहिरीच्या बाजूला. अर्ध्या इंचाचा ॲल्युमिनियमचा पाइप, वायरिंगच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धरून लाकडी मेढीला बांधला. शेजारी खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ. वीज चमकायला लागली की पाइप थेट जमिनीला जोडायचा खटका मामांनी आधी बसवला आणि मगच सेटला तार नेऊ दिली. ही गोष्ट आजही कोणी करणार असेल तर त्याच क्रमाने करा.

पहिली कॉइल मी कापडाचा रोल गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळीवर केली. फुकट मिळाली म्हणून खूश होतो. पहिल्या पावसात नळी फुगली, मग वाळली आणि आक्रसली, वेढे सैल होऊन एकमेकांवर चढले. दुसरी केली बॅकेलाइटच्या नळीवर, मेण लावून, वर उलटा डबा. ती टिकली. टेबलावरची ही पीव्हीसीची नंतरची, वेढे मात्र तेच.

तांत्रिक माणसं इथे मला अडवतील. उभं एरियल आजूबाजूची विजेची खरखर आडव्यापेक्षा जास्तच पकडतं, मग त्याने फायदा काय झाला? बरोबर आहे. शॉर्टवेव्हला आकाशातूनच इतकी खरखर येते की ऐकण्यापुरतं एरियल आखूड असलं तरी फार बिघडत नाही. बिघडतं ते शेजारच्या खरखरीने. आमचा फायदा बराचसा पाइप शेडपासून लांब गेल्यामुळे आणि स्वतंत्र अर्थमुळे झाला असं मला आज वाटतं. कॉइलने हवा तो पट्टा वर काढला आणि बाकीचे दाबले, हे तिचं काम. तेव्हा मात्र सगळं श्रेय आम्ही कॉइललाच दिलं. चौदा वर्षांच्या मुलाला वेढे मोजता येत होते, अर्थ मोजता येत नव्हती.

वीज गेली की माग थांबायचे आणि सेटही थांबायचा. हा मोठा अन्याय होता. म्हणून वडिलांनी पुढे बॅटरीचा ट्रान्झिस्टर आणला. त्याला ए आणि ई नव्हते. सेटभोवती तारेचे चार वेढे गुंडाळून एक टोक कॉइलला, दुसरं अर्थला. काळोखात, माग बंद, कंदील बारीक, आणि लंडन असं यायचं की मामासुद्धा म्हणाले, गिरगावात इतकं साफ येत नाही.

मार्च १९७७ ची निकालाची रात्र आठवते. रायबरेलीहून इंदिरा गांधी मागे पडल्याची कुणकुण आली होती, आकाशवाणी काही बोलत नव्हती. अंगणात वीस-पंचवीस माणसं. त्यात मागवाले होते, कामगार होते, ज्यांच्या छपरावरून आम्हाला तार न्यायची हिंमत झाली नव्हती तेही होते. आवाज यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. मला क्लिप धरून बसायचं काम होतं, कारण अकराव्या वेढ्याचा कान सैल झाला होता आणि हात सोडला की लंडन जायचं. मी हललो नाही. बातमी आली तेव्हा माझ्या मागे कोणीतरी रडलं. आनंदाने की दुःखाने हे वळून बघता आलं नाही.

आज तो प्रयोग करायचा तर इथे अवघड आहे. माग कमी झाले, गोदामं आली, पण एलईडी दिव्यांचे, चार्जरचे, इन्व्हर्टरचे छोटे सर्किट घराघरात चोवीस तास खरखर सोडतात आणि त्यांना शुक्रवार नाही. बोलणारेही उठून गेले. बीबीसीचं हिंदी शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. ४१ आणि ३१ मीटरवर आता चीनची केंद्रं मात्र भरपूर लागतात. नेट बंद केलेल्या दिवसांत मला हा पाइप आठवतो, इतकंच सांगतो. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू.

पाइप अजून आहे. विहीर बुजली, पण मेढी तिथेच आहे, पाइप आडवा करून त्यावर आता कपडे वाळत घालतात. कॉइल इथे पुढे येऊन हातात घेऊन बघा. फक्त अकराव्या वेढ्याचा कान ओढू नका, तो अजूनही सैल आहे.